वेठीची धाव आणि विद्येची धाव

आपल्या वसतिगृहातील बारावी विज्ञान शाखेच्या एका विद्यार्थ्याने आपत्कालीन वैद्यकीय सेवेचे शिक्षण घेण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा त्याचे वडील मला भेटावयास आले. ते म्हणाले, "सर, माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली, मयताचा सांगावा घेऊन रातोरात गावं पालथी घातली. पोरानं शिकून पुन्हा हाकेला धावायचं आणि माणसं उचलायची का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. गावकीत हाक कोणी मारावी आणि धाव कोणी घ्यावी, हे जन्मावरून ठरत असे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठीविरुद्धच. परंतु त्या वेठीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मढे ओढणाऱ्या हातांना जिवंत माणसाला शिवण्याची मनाई होती. आपत्कालीन सेवकाचे काम मात्र जिवंत माणसाला शिवल्यावाचून सुरूच होत नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला परका नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले होते. त्याच समाजाच्या इतिहासातील एक प्रकरण मी त्या पित्याला सांगितले. पिट्सबर्ग शहरातील हिल डिस्ट्रिक्ट ही कृष्णवर्णीयांची वस्ती. तेथे आजारी माणसाला बहुधा पोलिसांच्या गाडीतून नेत. पोलीस पुढे बसत आणि रुग्ण मागे एकटा पडून राही. १९६७ मध्ये तेथे 'फ्रीडम हाउस' ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. हृदय व श्वास पुन्हा सुरू करण्याच्या तंत्राचे एक प्रवर्तक डॉ. पीटर सफार यांनी त्याच वस्तीतील तरुणांना सुमारे तीनशे तासांचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येकांचे शालेय शिक्षणही अपुरे होते. समाजाने कामाला नालायक ठरविलेल्या या तरुणांनी रुग्णावर रस्त्यातच शास्त्रशुद्ध उपचार करून दाखविले. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढून ही संस्था बंद केली. नव्या व्यवस्थेत परीक्षा व नियम पुढे करून यांतील अनेकांना बाजूला सारण्यात आले. त्यांच्या अनुभवातून घडलेले ज्ञान मात्र पुढे देशभराच्या अभ्यासक्रमात गेले.

या इतिहासाचे दोन धडे आहेत. शिक्षण मिळाले, तर उपेक्षित वस्तीही साऱ्या जगाला शिकवू शकते. आणि नुसते कौशल्य पुरत नाही, हाती मान्यताप्राप्त पदवीही असावी लागते.

म्हणून पालकांनी व्यवहारही पाहावा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून सुरू आहे. तिच्या गाडीवर चालकासोबत प्रामुख्याने डॉक्टर असतात. त्यामुळे पदवीधर तंत्रज्ञाने रुग्णालयांचे अपघात विभाग, खासगी रुग्णवाहिका आणि उद्योगांतील वैद्यकीय कक्ष यांचाही विचार ठेवावा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हा व्यवसाय आरोग्यसेवेतील स्वतंत्र व्यवसाय म्हणून नोंदला आहे. प्रवेशापूर्वी विद्यापीठाची संलग्नता आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण यांची खात्री करून घ्यावी. चकचकीत माहितीपत्रकावर विसंबू नये.

तयारी आजपासूनच करता येते. शरीररचना मन लावून शिकावी, इंग्रजी वाचनाची सवय ठेवावी, अंगात दम ठेवावा. हृदय थांबलेल्या प्रौढ माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. दोन मिनिटांत धडधाकट तरुणही थकतो. मेंदूला काही मिनिटेच प्राणवायूवाचून काढता येतात, तेव्हा रुग्णाची जात विचारण्यास सवड नसते.

हे ऐकून ते पिता बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे हे शिकून करायचं काम आहे." मी म्हटले, "होय, आणि स्वतः निवडून." मुलाने प्रवेश घेतला आहे.

आपले कित्येक माजी विद्यार्थी आज डॉक्टर आणि परिचारिका आहेत. त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन मुलांना छातीदाबाचा सराव द्यावा, एवढीच या निमित्ताने विनंती. पुढची हाक कोणत्या घरातून येईल, हे कोणालाच ठाऊक नसते.