दंतरोपण हेही अस्थिसंधानच : इम्प्लांटच्या रुग्णाविषयी वैद्यांचे कर्तव्य

दात गेल्यावर पूर्वी दोनच मार्ग असत. एक कवळी, किंवा शेजारचे दोन दात घासून त्यांवर बसविलेला ब्रिज. आता तालुक्याच्या गावीही ‘स्क्रूचे दात’ या नावाने तिसरा मार्ग पोहोचला आहे. इम्प्लांट बसविणे हे दंतशल्यचिकित्सकाचेच काम होय. परंतु त्या रुग्णाची प्रमेहाची वा संधिवाताची औषधे पुष्कळदा आपल्याकडे चालू असतात आणि दंतमंजनही तो आपल्याच दुकानातून नेतो. म्हणून इम्प्लांट टिकण्यात अथवा निकामी होण्यात आपला वाटा मोठा आहे. तो नेमका कोणता, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

दंत आणि उलूखल

चरकसंहितेत ३६० अस्थी सांगितल्या असून त्यांत ३२ दंत आणि ३२ दंतोलूखले वेगवेगळी मोजली आहेत. सुश्रुतांनी दातांना रुचक अस्थी म्हटले आहे. दात आणि त्याचे उखळ ही दोन स्वतंत्र अंगे आहेत, ही दृष्टी येथे फार उपयोगी पडते. दात गेला की उखळ पूर्ववत राहत नाही. दाढ काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटते, आणि यातील बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. ‘दुखत नाही, तर राहू द्या’ या सल्ल्यावर रुग्ण वर्षानुवर्षे थांबतो. पुढे इम्प्लांटचा विचार करतो तेव्हा आधार देण्यास हाडच उरलेले नसते, आणि हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया व खर्च त्याच्या माथी येतो. दात काढतानाच पुढील योजनेची चौकशी करावी, एवढे तरी आपण सांगितले पाहिजे.

इम्प्लांटचे कार्य

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे कृत्रिम मूळ. त्यावर जोडखांब आणि जोडखांबावर दाताचे टोपण बसते. स्वीडनचे संशोधक पर-इंगवार ब्रानेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायातील हाडाचा रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी इतके एकजीव झाले की ते काढता येईना. त्यातूनच १९६५ साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसविले गेले.

हाड आणि धातू एकजीव होण्यास स्थैर्य लागते. या काळात इम्प्लांट सुमारे ०.१५ मि.मी. पेक्षा अधिक हलत राहिले, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय आवरण तयार होते व ते सैल पडते. म्हणून मूळ पद्धतीत खालच्या जबड्यास सुमारे तीन आणि वरच्यास सहा महिने थांबत. आता काही रुग्णांत दात लवकर बसवितात, पण तो निर्णय दंतशल्यचिकित्सकाचा.

सुश्रुतांच्या भग्नचिकित्सेतील तत्त्वही हेच आहे. तरुणाचे हललेले दात दाबून जागेवर बसवावेत, शीत लेप द्यावा आणि कमळाच्या नाळेने दूध पाजावे, असे तेथे सांगितले आहे. हलत्या दातांना चावण्याचे श्रम पडू नयेत, हा त्यातील हेतू दिसतो. इम्प्लांटच्या रुग्णाने मात्र आरंभीचे काही दिवस नळीने ओढून पिऊ नये, कारण ओढीने जखमेवरील रक्ताची गुठळी सुटते. ग्रंथातील तत्त्व घ्यावे, नळी नव्हे. द्रव व मऊ आहार वाटीने किंवा चमच्याने द्यावा.

शस्त्रक्रियेपूर्वी

१) प्रमेह : साखर अनियंत्रित असल्यास व्रणरोपण मंदावते आणि जंतुसंसर्ग वाढतो. केवळ उपाशीपोटीची साखर पाहू नये; गेल्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणी करवून घ्यावी.

२) मिश्री व तंबाखू : आपल्याकडील अनेक स्त्रिया मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर येते. ‘दात कशाने घासता?’ असे विचारावे, म्हणजे खरे कळते.

३) चालू औषधे : रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या सांगण्यावरून बंद होऊ नये, तो निर्णय मूळ चिकित्सक व दंतशल्यचिकित्सक यांनी मिळून घ्यावयाचा. अस्थिक्षयासाठी अॅलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक आम्ल घेतलेल्या रुग्णात जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो, हे रुग्णाने तेथे सांगितलेच पाहिजे. गुग्गुळ, लसूण व हरिद्रा यांचे तीव्र अर्क रक्त गोठण्यावर परिणाम करू शकतात. म्हणून आपल्या औषधांची यादी स्वच्छ अक्षरात लिहून रुग्णाबरोबर द्यावी.

४) वय : जबड्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वी इम्प्लांट बसवीत नाहीत, कारण ते वाढत्या हाडाबरोबर सरकत नाही.

शस्त्रक्रियेनंतर

पहिले चोवीस तास गंडूष, कवल, गुळण्या, जोराने थुंकणे हे सर्व वर्ज्य. त्यानंतर दंतशल्यचिकित्सकाने सांगितल्याप्रमाणे कोमट मिठाचे पाणी तोंडात हळुवार फिरवावे. इरिमेदादि तेलाचा गंडूष टाके निघून हिरडी भरल्यावरच द्यावा, आणि तोही ब्रशला पर्याय म्हणून नव्हे.

वरच्या दाढांच्या जागी इम्प्लांट असेल, विशेषतः वरील अस्थिविवरात हाड भरले असेल, तर नस्य व जलनेती संबंधितांची अनुमती मिळेपर्यंत थांबवावी. जोराने नाक शिंकरू नये. नित्य नस्य घेणारा रुग्ण हे आपणहून विचारीत नाही, आपणच सांगावे.

लाक्षादि गुग्गुळ, अस्थिशृंखला ही अस्थिसंधानकर द्रव्ये भग्नात आपण वापरतो. तथापि त्यांनी इम्प्लांट लवकर एकजीव होते असा दावा करण्याइतका पुरावा आज हाती नाही. तसे आश्वासन रुग्णास देऊ नये, दुकानातील फलकावरही लिहू नये.

दीर्घकाळची निगा

नैसर्गिक दात उखळात तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो, आणि हिरडीचे तंतू त्याच्या मुळात शिरून त्यास घट्ट धरतात. इम्प्लांटभोवती अशी झोळी नसते व हिरडीची पकडही दुबळी असते. इम्प्लांट किडत नाही हे खरे; पण भोवती कीटण साचले तर प्रथम शीतादासारखा रक्तस्राव होतो आणि दुर्लक्ष झाल्यास आतील हाड झिजू लागते. पहिली अवस्था स्वच्छतेने बरी होते, दुसरीतील गेलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. वेदना मात्र पुष्कळदा शेवटपर्यंत नसते, आणि रुग्ण फसतो तो येथेच.

औषधविक्रेत्या बंधूंनी ध्यानात घ्यावे की जाडसर मंजन बोटाने घासल्यास इम्प्लांटच्या कडेचे कीटण निघत नाही. उलट मंजनाचे कण तेथे अडकतात. अशा ग्राहकास मऊ ब्रश आणि दातांच्या फटीत जाणारा लहान ब्रश द्यावा. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे, तरी सुटी मिश्री विकली जाते. ती आपल्या फळीवर नसावी.

हिरडीतून रक्त किंवा पू येणे, अथवा दात हलणे, यांपैकी काहीही दिसल्यास लेप वा काढा देऊन आठवडाभर वाट पाहू नये. कधी केवळ आतील स्क्रू सैल झालेला असतो व तो घट्ट करता येतो; कधी हाडच सुटलेले असते. हा भेद क्ष-किरण व तपासणीनेच कळतो, म्हणून रुग्णास विनाविलंब परत पाठवावे. हंगामाचे पैसे मोडून बसविलेला दात आपल्या एका वेळच्या प्रश्नाने वाचू शकतो. तो प्रश्न विचारणे हेच येथे आपले चिकित्साकर्म होय.