मधुमेह आणि श्वेतपेशींचा निरोप

मधुमेही माणसाच्या पायाला साधी ठेच लागली तरी घरातील वडीलधारी मंडळी धास्तावतात. जखम चिघळते, लवकर भरून येत नाही, हा अनुभव जुना आहे. पायाचा रक्तपुरवठा मंदावणे व संवेदना बोथट होणे ही त्याची दोन कारणे बहुतेकांस ठाऊक असतात. तिसरे कारण मात्र आपल्या श्वेतपेशींच्या पोटात दडलेले आहे.

श्वेतपेशी जंतूंना गिळून आपले रक्षण करतात. या शोधाचा पाया मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली घातला. त्याबद्दल १९०८ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारणतः ४ ते ११ हजार श्वेतपेशी असतात. मधुमेहात ही संख्या सहसा घटत नाही. शिपाई पुरेसे असतात. बिघडतो तो निरोप.

जंतू जवळ आला की पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकांना त्याची चाहूल लागते. ते आत निरोप धाडतात आणि पेशीतील मोकळे कॅल्शियम क्षणभर एकदम वाढते. हीच इशाऱ्याची दवंडी होय. ती ऐकून पेशी जंतूकडे सरकते, त्याला गिळते व प्राणवायूपासून तीव्र मारक द्रव्ये बनवून ठार करते.

अनियंत्रित मधुमेहात पेशी स्वस्थ असतानाही हे कॅल्शियम चढलेलेच आढळते. गावात दिवसभर दवंडी पिटली जात असेल, तर चोर आल्याची हाक कोणाला ऐकू जाणार? शिवाय पेशीत शिरलेल्या जादा साखरेचे सॉर्बिटॉल बनताना ‘एनएडीपीएच’ नावाचे द्रव्य खर्ची पडते. आणि मारक द्रव्ये बनविण्यास तेच लागते. म्हणजे दारूगोळाही अपुरा पडतो. उलट, काही पेशी कारण नसता चेतविल्या जाऊन शरीरात मंद दाह धुमसत ठेवतात व रक्तवाहिन्यांना इजा करतात. गरजेच्या वेळी ढिलाई आणि नको तेव्हा दंगा, असा हा दुहेरी घोटाळा आहे.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. साखर आटोक्यात आली की या पेशींची कार्यशक्ती बऱ्याच अंशी सुधारते. म्हणून मधुमेही बंधुभगिनींनी औषध व पथ्य नियमाने सांभाळावे, रोज रात्री पावले निरखून पाहावीत, अनवाणी चालू नये आणि लहानशा जखमेसही घरगुती लेपावर न सोपविता डॉक्टरांना दाखवावे. आपल्या रक्षकांना निरोप नीट ऐकू यावा, एवढी शांतता रक्तात राखणे आपल्या हाती आहे.