अन्ननलिकेचा कर्करोग व शस्त्रवैद्यांची प्रगति

घास गिळणें ही क्रिया इतकी सहज आहे कीं, तिचा विचारही आपल्या मनांत येत नाहीं. घशापासून जठरापर्यंत अन्न नेणारी जी सुमारें 25 सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी, तिला अन्ननलिका म्हणतात. ती श्वासनलिका व हृदय यांच्या मागें असते. तेथपर्यंत पोहोंचणें हीच शस्त्रवैद्यापुढील पहिली अडचण. कारण छाती उघडतांच बाहेरील हवेच्या दाबानें फुप्फुस मिटतें. श्वासनलिकेंत नळी घालून फुप्फुस फुगतें ठेवण्याची युक्ति साधल्यावर ही वाट मोकळी झाली.

1913 सालीं न्यूयॉर्क येथें डॉ. फ्रांझ टोरेक यांनीं 67 वर्षांच्या एका स्त्रीच्या छातींतील रोगग्रस्त अन्ननलिका काढली. पण उरलेला भाग जठरास जोडावा कसा? त्यांनीं शरीराबाहेरून रबरी नळी बसविली. तिच्या साह्यानें अन्न घेत ती बाई पुढें सुमारें 13 वर्षें जगली. 1946 सालीं डॉ. आयव्हर लुईस यांनीं निराळी रीत प्रसिद्ध केली. प्रथम पोट उघडून जठर मोकळें करावयाचें. मग उजवीकडून छाती उघडून रोगट भाग काढावयाचा आणि जठरच वर ओढून जोडावयाचें. ही रीत अद्याप प्रचारांत आहे.

आतां दुर्बिणीच्या साह्यानें लहान छिद्रांतूनही हें काम होतें. 2012 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय प्रयोगांत, छाती उघडलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा 29 जणांस पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा विकार जडला. दुर्बिणीच्या रीतींत तें प्रमाण शेंकडा 9 होतें. त्याच वर्षींच्या दुसऱ्या प्रयोगांत, शस्त्रक्रियेपूर्वीं औषधें व किरणोपचार दिल्यानें रोग्यांच्या आयुष्याचा मध्यमान 24 महिन्यांवरून 49 महिन्यांवर गेला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत, जें 1941 सालीं सुरू झालें, अशा शस्त्रक्रिया होतात.

परंतु रोग फार पसरल्यावर कुशल हातही लंगडे पडतात. अन्ननलिका ताणली जाते, म्हणून त्रास उशिरां जाणवतो. प्रथम कोरडी पोळी अडकते, मग भात, अखेर पाणीही. आपला गोंदिया जिल्हा भाताचा. मऊ भात वरणाबरोबर उतरतो, आणि दुखणें झांकलें जाण्याचा संभव असतो. म्हणून घरांतील वडील माणूस घासागणिक पाणी मागूं लागला, तर पालकहो, चूर्णें देत बसूं नका. दुर्बिणीनें तपासणी करून घ्या. आणि मुलांनो, तंबाखू व दारू हीं या रोगाचीं प्रमुख कारणें होत. खर्रा किंवा बिडी पुढें करणारा मित्र कितीही जिवलग असो, त्यास नकार देण्यांत संकोच कसला?