गाडीतला पहारा

वारकऱ्याला जागरण शिकवावे लागत नाही. एकादशीचा जागर त्याने केलेला असतो, काकड्याला पहाटे उठण्याची त्याला सवय असते. पण हाच माणूस रात्रीच्या गाडीत आडवा झाला की आपले स्टेशन चुकवतो! असे का होते व ते कसे टाळावे, याचा थोडा विचार या पाठात करू.

प्रथम आमचीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जण मुंबईहून रात्रीच्या गाडीने रहिमतपुरास येत होतो. ती गाडी त्या वेळी रहिमतपूरला थांबत असे. पुणे सोडले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. "उठवा बरं का," असे प्रत्येकाने शेजाऱ्याला बजावले आणि पाचही जण घोरू लागले. जाग आली तेव्हा रहिमतपूरचा फलाट मागे सरकत होता. आमच्यातला एक तरुण दाराकडे धावला; उडी टाकतो म्हणाला. एका वयोवृद्ध माळकऱ्यांनी त्याचा दंड घट्ट धरला. म्हणाले, "बाळा, स्टेशन पुढचं मिळंल, पाय दुसरा मिळायचा न्हाई." मग आम्ही तिकीट तपासनिसास आपण होऊन खरे सांगितले, जादा पैसे भरले व कऱ्हाडला उतरलो. इकडे एकाचा मुलगा थंडीत स्टेशनावर ताटकळत उभा. गाडी निघून गेली आणि वडील उतरले नाहीत, तेव्हा त्या पोराच्या जिवाची काय दशा झाली असेल!

आता चूक कुठे झाली? सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. तो कसा? "कोणीतरी धरील" असे म्हणून नव्हे. पहाऱ्याची नावे लिहिलेली असतात, आणि दुसरा हातात घेईपर्यंत पहिला वीणा सोडत नाही. आम्ही गाडीत नेमके हेच विसरलो. पाचांचे काम ते कोणाचेच नाही, अशी गत झाली. म्हणून मंडळीने प्रवास करताना निजण्यापूर्वीच पहारे वाटावेत. पुणे ते लोणंद एक, तेथून पुढे दुसरा. दुसरा उठून बसून बोलू लागल्याशिवाय पहिल्याने निजू नये.

एकट्याने काय करावे?

पहिली गोष्ट, गाडी आपल्या गावी थांबते की नाही ते तिकीट काढतानाच पाहावे. कोल्हापूरकडची प्रत्येक गाडी रहिमतपूरला थांबत नाही. थांबत नसेल तर सातारा किंवा कऱ्हाड धरावे.

दुसरी, आपल्या मागचे स्टेशन पाठ करावे. साताऱ्यानंतर कोरेगाव, मग रहिमतपूर. सातारा आले की अंथरूण गुंडाळावे, कोरेगाव आले की दाराशी यावे. लहान स्टेशनात गाडी मिनिट-दोन मिनिटेच उभी राहते. तेवढ्यात चपला शोधणे होत नाही.

तिसरी, गजर अर्धा तास आधीचा लावावा. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. पुण्यानंतर डोळा लागला तर पहाटे तीनच्या सुमारास माणूस त्याच गाढ झोपेत असतो. तशात उठवले तर तो "हो, हो" म्हणतो अन् पुन्हा निजतो. डोके ताळ्यावर यायला पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागू शकतो. मोबाईल उशाशी, आवाज मोठा, बॅटरी भरलेली असावी. घड्याळाच्या गजराला नेटवर्क लागत नाही. जागा दाखवणारी सोय मात्र आदर्की-वाठारच्या घाटात अडू शकते. गाडीला उशीर असेल तर गजर पुन्हा लावून घ्यावा, बंद करून निजू नये. स्टेशन येण्यापूर्वी फोन करून उठवण्याची सोयही रेल्वेने १३९ या क्रमांकावर केलेली आहे. तिचा लाभ घ्यावा, पण केवळ तिच्यावर विसंबू नये.

चौथी, उठवायला सांगायचे तर साताऱ्याला उतरणाऱ्याला सांगावे. कोल्हापूरला जाणारा स्वतःच झोपणार! आणि आपण साताऱ्याला उतरत असू, तर पुढच्या माणसाला हलवून उठवावे. त्यात आपले काय जाते?

एवढे करूनही स्टेशन चुकले तर चुकू द्यावे. चालत्या गाडीतून उतरू नये. साखळीही ओढू नये. वाजवी कारणावाचून ती ओढणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे गुन्हा असून एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घरी फोन करून "सुखरूप आहे, पुढे उतरतो," एवढे आधी कळवावे. वाट पाहणारा जीव त्या एका वाक्यासाठी उभा असतो.

आमची ती मंडळी आजही एकत्र प्रवास करतात. गाडीत बसल्यावर ते वृद्ध माळकरी पहिला प्रश्न विचारतात, "पहिला पहारा कुणाचा?" नाव ठरते, आणि मगच बाकीचे पाठ टेकतात.

राम कृष्ण हरि.