त्यांची सुटली, आता तुझं बघ

अवं बाई, जवाईबापूंची दारू सुटली, तरी पोरीचा चेहरा उतरलेला का, असं आई परवा मला विचारत होती. तिला मी काही बोलले नाही. तुला सांगते.

इतकी वर्षं तुझा सगळा दिवस त्यांच्या मागं गेला. गाडी कशी आली, खिशात किती उरले, तोंडाला वास आहे का. आता वास नाही, तरी तू शर्ट हुंगतेस. ते वाया गेले हे अख्ख्या पांढुर्ण्यानं पाहिलं. तू त्यात कुठं गेलीस, ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

हे तुझ्या एकटीचंच नाही. अमेरिकेतल्या बिल विल्सनची दारू १९३४ मध्ये सुटली, पुढं त्यानं दारुड्यांसाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभं केलं. बायको लोइस खूश असायला हवी ना? एकदा त्यानं सभेला चल म्हटलं, तर तिनं जोडाच भिरकावला. नवऱ्याला सावरणं हेच तिचं आयुष्य झालं होतं, आणि ते काम परक्यांनी केलं! त्या रागाचा तिनं नीट विचार केला आणि १९५१ मध्ये घरच्या माणसांसाठी अल-अॅनॉन सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात १९८६ साली काढलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही बायकांचा 'सहचरी' गट आहे.

आता जरा कडू बोलते. ते पीत होते तेव्हा संत्र्याच्या बगीच्याचा सौदा तू करायचीस. व्यापारी विसार तुझ्या हाती द्यायचा, आंबिया बहाराचा भाव तू पडू दिला नाहीस. आता ते म्हणतात, तू बस, मी बघतो. आणि सासूबाई म्हणतात, बरं झालं. काय बरं झालं? तुझ्या नवऱ्याला मान मिळावा, पण तुझा काढून नाही. सौद्याला दोघं बसा. वही मात्र तुझ्याजवळच ठेवजो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची तुला आतापासूनच धास्ती. जाम नदीवर गोटमारीची दगडफेक, पलीकडे सावरगाववाले, आणि बंदी असली तरी दारू कमी पडत नाही. म्हणून काय कडी लावून त्यांना राखत बसशील? जायचं की नाही, ते त्यांनाच ठरवू दे. दोघं सौसरला या, जामसावळीला पहुडलेल्या मारुतीचं दर्शन घेऊ. ते नाही आले तर तू एकटी ये.

पुन्हा प्यायले तर? पिऊ शकतात, हा आजार उलटतो. तो तुझा गुन्हा नव्हे. तेव्हा घरात कोंडून सोडवायला जाऊ नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याची एकाएकी बंद केली तर झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेततं. डॉक्टरच लागतो. सरकारचा व्यसनमुक्तीचा १४४४६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेव. न्यायला-आणायला दीर आहे, मी आहे. सगळं एकटीच्या अंगावर घेऊ नकोस, आणि रात्री-बेरात्री कधीही फोन करजो.