आमगावचा खडक आणि आकाशातील डोळा

गोंदिया जिल्ह्यातील आमगावच्या आसपास जमिनीखाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कठीण खडक आहे. हा पट्टिताश्म, भूवैज्ञानिक त्याला ‘आमगाव नाइस’ म्हणतात. त्याचे वय दोनशे कोटी वर्षांहून अधिक आहे. हे कळते कसे? अशा खडकांत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांतील युरेनियमचे ठरावीक गतीने शिसे बनते. युरेनियम-२३८ निम्मे उरण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. दोहोंचे प्रमाण मोजले, की वय निघते.

उपग्रहाला हे साधत नाही. १९८८ साली सोडलेल्या ‘आयआरएस-१ए’ या भारतीय उपग्रहाचे कॅमेरे परावर्तित सूर्यप्रकाश टिपत; झाडी आणि धानाच्या बांध्या खडक झाकून टाकतात. मग उपयोग काय? खडकातील मोठ्या भेगा! जमिनीवरून न जाणवणारी भेग वरून सरळ रेषेसारखी दिसते. नाला एकाएकी सरळ वाहू लागतो, झाडांची हिरवी रांग उमटते. अशा कठीण खडकात पाणी साठते ते मुख्यतः भेगांत. म्हणून विहिरीची जागा शोधताना ही रेषा मोलाची ठरते. मात्र रेषा भेगेची की जुन्या रस्त्याची, हे जागेवर जाऊनच ठरवावे लागते.

तुम्ही गावाचा नकाशा काढा आणि पाहा: उन्हाळ्यातही न आटणाऱ्या विहिरी एका रेषेत येतात का?