स्पिटफायर बनवताना : संगणकावरील एका विमानातून गणित आणि विज्ञान



पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो, विमानाचा गेम खेळतो. तुम्हीच समजवा याला." नववीतल्या एका मुलाच्या आईने मलाही हेच सांगितलं. चाचणीत गणितात गुण कमी पडले होते आणि घरात कॉम्प्युटर बंद करून ठेवायचा विचार चालला होता. मी मुलाला बाजूला घेऊन विचारलं तर तो हळूच म्हणाला, "सर, मी खेळत नाही. मी विमान बनवतोय. पण ते नीट उडत नाहीये."

"उडत नाही म्हणजे?"

"उडतं सर, पण फारच लवकर उडतं. सायकलच्या वेगाने गेलं की लगेच हवेत जातं."

त्या दिवशी मी त्याला समजावायला गेलो होतो, पण बराच वेळ त्याचंच ऐकत बसलो. त्याच्या विमानाची ही गोष्ट आज तुमच्यासमोर पाठ म्हणून मांडतो. तुमच्या वर्गात किंवा घरात असं मूल असेल तर कॉम्प्युटर बंद करण्याआधी हे जरूर वाचा.

विमान कोणतं?

त्याने निवडलं होतं दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, सुपरमरीन स्पिटफायर मार्क १. आर. जे. मिचेल या अभियंत्याने त्याची रचना केली. पहिलं उड्डाण झालं ५ मार्च १९३६ रोजी, इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळच्या ईस्टली विमानतळावरून. मिचेल कर्करोगाने आजारी होते. जून १९३७ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी ते गेले. विमान हवाई दलात दाखल झालं ते १९३८ मध्ये, म्हणजे त्यांना ते पाहता आलं नाही. पुढे स्पिटफायरचे अनेक प्रकार निघाले आणि एकूण २० हजारांहून अधिक विमानं बनली.

आपलाही यात एक धागा आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ व्या स्क्वाड्रनला 'बडोदा' हे नाव मिळालं होतं, आणि या स्क्वाड्रनकडे स्पिटफायरच होती. स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलानेही ही विमानं वापरली. दिल्लीला सहल गेली तर पालमच्या हवाई दल संग्रहालयात मुलांना स्पिटफायर प्रत्यक्ष दाखवता येईल.

साधनं सगळी मोफत आहेत. आकार घडवायला ब्लेंडर आणि उडवायला फ्लाइटगियर. विमान कसं उडेल याचे आकडे जेएसबीसिम नावाच्या पद्धतीच्या फाइलमध्ये लिहायचे असतात.

पायरी १ : मापं आणि प्रमाण

सुरुवात होते नकाशापासून. समोरून, बाजूने आणि वरून, अशी विमानाची तीन चित्रं लागतात. पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतची रुंदी ३६ फूट १० इंच, तर लांबी २९ फूट ११ इंच. आता मुलांना वहीत करू द्या :

३६ फूट १० इंच = ४४२ इंच; ४४२ × २.५४ = सुमारे ११२३ सेंमी
२९ फूट ११ इंच = ३५९ इंच; ३५९ × २.५४ = सुमारे ९१२ सेंमी

समजा कागदावर पंखांची रुंदी २८ सेंमी आली. म्हणजे प्रमाण झालं साधारण १ : ४०. मग त्याच प्रमाणात लांबी किती यायला हवी? साधारण २२.७ सेंमी. पट्टी लावून पाहिल्यावर २१ सेंमी आली, तर चित्र छापताना एका बाजूने दाबलं गेलं आहे! असं चित्र वापरलं तर पुढचं सगळं काम वाया. 'ताळा करून बघ' असं आपण शंभर वेळा सांगतो, पण ताळा कशासाठी ते मुलाला इथे आपोआप कळतं.

पायरी २ : पंख

स्पिटफायर ओळखायची ती तिच्या लंबवर्तुळाकार पंखांवरून. पुढची कड कमी वळलेली आणि मागची जास्त, म्हणजे दोन वेगवेगळी अर्धी लंबवर्तुळं जोडल्यासारखा आकार. विमानाच्या मध्यरेषेवर पंखाची रुंदी आहे १०० इंच, म्हणजे २.५४ मीटर. आता क्षेत्रफळ काढा :

π ÷ ४ × ११.२३ × २.५४ = सुमारे २२.४ चौरस मीटर

प्रत्यक्षात नोंदलेलं क्षेत्रफळ २४२ चौरस फूट, म्हणजे सुमारे २२.५ चौरस मीटर. बघा किती जवळ आलं! वर्गात हे उत्तर आलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पुस्तकातलं सूत्र खऱ्या विमानाला लागू पडलेलं असतं.

पंखाच्या छेदाला एक क्रमांक असतो. मुळाशी तो आहे नाका २२१३. यातले शेवटचे दोन अंक जाडी सांगतात : रुंदीच्या १३ टक्के. २.५४ मीटरचे १३ टक्के म्हणजे सुमारे ३३ सेंमी. शाळेच्या फूटपट्टीपेक्षा थोडंसं जास्त! तेवढ्या जागेत चाकं आणि मशिनगन बसवायच्या होत्या.

आणखी एक बारकावा. हा पंख सपाट फळीसारखा नाही, किंचित पिळलेला आहे. मुळाशी तो २ अंश वर, तर टोकाशी अर्धा अंश खाली झुकलेला. एकूण पीळ अडीच अंशांचा. कशासाठी? वेग फार कमी झाला की पंख हवेची पकड सोडतो. पिळामुळे ही पकड आधी मुळाशी सुटते. विमान थरथरतं, वैमानिकाला इशारा मिळतो, आणि टोकाजवळचे एलरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या झडपा, अजून काम करत असतात. अडीच अंश डोळ्यांना दिसत नाहीत, पण वैमानिकाचा जीव त्यावर अवलंबून असतो. कोनमापक हातात धरणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सांगायला हवं.

पायरी ३ : कुठे बारकाई करायची, कुठे नाही

ब्लेंडरमध्ये गोल खरा गोल नसतो, तो बहुभुज असतो. चाक १२ बाजूंचं केलं तर त्याचं क्षेत्रफळ खऱ्या वर्तुळाच्या सुमारे ९५ टक्के भरतं. बाजू वाढवल्या तर चाक सुबक दिसतं, पण संगणकावरचा भारही वाढतो. मग काय करायचं? वैमानिकाच्या नजरेसमोरचे भाग बारकाईने करायचे आणि लांबचे साधे ठेवायचे. पत्र्यावरचे रिव्हेट एकेक घडवत बसायचं नाही, ते रंगाच्या चित्रातच उठावदार दाखवायचे.

वैमानिकाच्या कक्षात मधोमध सहा मुख्य उपकरणं होती : वेग, क्षितिज, चढ-उताराचा दर, उंची, दिशा आणि वळण दाखवणारी. प्रत्येक काटा कोणत्या आकड्याला किती अंश फिरेल याचा तक्ता द्यावा लागतो. दोन नोंदींच्या मधली किंमत संगणक सरळ रेषेने काढतो. आलेखाच्या पाठाला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

पायरी ४ : चूक सापडली!

आता आपल्या विद्यार्थ्याच्या अडचणीकडे येऊ. मी म्हटलं, "तुझी फाइल दाखव." पंखाच्या क्षेत्रफळासमोर त्याने लिहिलं होतं २४२. बरोबर. पण एकक? चौरस मीटर!

मी उत्तर सांगितलं नाही. फक्त विचारलं, "आपला वर्ग किती चौरस मीटरचा असेल रे?" त्याने वर्ग नजरेने मोजला, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्याच्या विमानाचे पंख आपल्या चार-पाच वर्गांएवढे होते!

मग आम्ही हिशेब केला. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. म्हणजे पंख १०.७६ पट मोठे झाले. पंखांनी मिळणारी उचल क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. क्षेत्रफळ १०.७६ पट झालं तर तेवढ्याच वजनासाठी लागणारा वेग १०.७६ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.२८ पटीने कमी होतो. चाकं आणि फ्लॅप आत असताना खऱ्या स्पिटफायरची पकड सुटते ती ताशी सुमारे ११७ किमी वेगाला. भागिले ३.२८, म्हणजे सुमारे ३६ किमी. सायकलच्या शर्यतीचा वेग! त्याचं निरीक्षण अगदी अचूक होतं. चुकलं होतं फक्त एकक.

उत्तरपत्रिकेत एकक लिहिलं नाही म्हणून आपण अर्धा गुण कापतो आणि मुलं कुरकुरतात. त्या दिवसानंतर हा मुलगा एकक कधी विसरला नाही.

पायरी ५ : जी चूक वाटते ती चूक नसते

आठवड्याने तो परत आला. "सर, आता धावपट्टीवर विमान डावीकडे ओढतं. मी ते बंद करून टाकलं."

मी म्हटलं, "थांब. खरं विमान काय करायचं ते आधी शोध."

खरी स्पिटफायरसुद्धा उड्डाणाच्या वेळी डावीकडेच ओढायची. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर तिचा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याने घुसळलेली हवा विमानाभोवती गिरक्या घेत शेपटीवर आदळते, त्यामुळे उजवा पाय दाबून विमान सरळ ठेवावं लागायचं. नंतरच्या प्रकारांत ग्रिफन इंजिन आलं, त्याचा पंखा उलट फिरायचा, आणि मग विमान उजवीकडे ओढू लागलं!

दुसरं उदाहरण मर्लिन इंजिनाचं. नाक एकदम खाली दाबलं की सुरुवातीच्या मर्लिनला इंधन नीट मिळत नसे आणि इंजिन अडखळे. जर्मन मेसरश्मिट १०९ मध्ये इंधन थेट फवारलं जाई, त्यामुळे ते सरळ खाली सूर मारून निसटे. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या महिला अभियंत्याने इंधनाच्या वाटेत भोक असलेली एक छोटीशी चकती बसवली आणि ही अडचण बरीच कमी झाली. प्रतिकृती १९४० सालची असेल तर हा दोष तिच्यात असलाच पाहिजे. तो काढला तर विमान चांगलं होईल, पण खोटं होईल.

मुलाने डावी ओढ परत सुरू केली. मला विचाराल तर सगळ्या पाठातला हा सर्वांत मोठा धडा. आपल्याला आवडेल तसं नव्हे, तर आहे तसं मांडणं, हाच विज्ञानाचा पाया.

शिक्षकांसाठी थोडं

• संगणक नसला तरी पायरी १ आणि २ वहीत, पट्टी आणि कोनमापक घेऊन होतात. दोन तासिका पुरे.
• गट करा : एक मापं तपासेल, एक इतिहास शोधेल, एक चित्र काढेल.
• दुसऱ्याचं चित्र किंवा फोटो वापरताना परवानगी आहे का ते पाहायला आणि श्रेय द्यायला शिकवा.
• प्रत्येक आकड्यासमोर 'हा कुठून मिळाला?' हे लिहायला लावा.
• हे युद्धाचं यंत्र होतं, त्याने माणसं मारली आणि त्यात माणसं मेलीही. हे मुलांशी मोकळेपणाने बोला.

पालकांसाठी थोडं

मूल स्क्रीनसमोर आहे एवढ्यावरून काही ठरवू नका. शेजारी बसा आणि विचारा, "काय करतोयस? मला दाखव ना." नुसता खेळ असेल तर तेही कळेल. वेळेची मर्यादा मात्र हवीच. आमच्या विद्यार्थ्याच्या आईने रोज एक तास ठरवून दिला आणि अट घातली : आज काय केलंस ते रात्री जेवताना मला समजावून सांगायचं.

पुढच्या चाचणीत तो पहिला आला, असं काही झालं नाही. गुण थोडे वाढले. पण परवा त्याची आई भेटली तेव्हा म्हणाली, "सर, काल त्याने मला पंखाचं क्षेत्रफळ काढून दाखवलं. मला पाय आर स्क्वेअर सोडून काही आठवत नव्हतं. त्याने मला शिकवलं."

यापेक्षा वेगळा निकाल मला नको होता. तुमच्या वर्गातही असा एखादा विमानवाला असेल. त्याची फाइल एकदा उघडून बघा.